तारेवर टांगलेलं पोलाद

माझी नणंद वर्वारा स्वप्नं सांगत फिरणाऱ्यातली नाही. तिला आम्ही सगळे वार्या म्हणतो. त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत तिनं मला एक स्वप्न सांगितलं, तेही वाफेच्या न्हाणीत, जिथं शेजारी बसलेल्याचा चेहरासुद्धा धड दिसत नाही. तापलेल्या दगडांवर तिनं पाणी टाकलं, वाफ उठली, आणि त्या वाफेतूनच तिचा आवाज आला.

स्वप्नात ती कमरेएवढ्या नदीत उभी असते. नदीला आवाज नसतो. पायांना घासत सॅल्मन मासे प्रवाहाविरुद्ध वर चाललेले असतात. पलीकडच्या काठावर एक अस्वल दोन पायांवर उभं असतं, धक्क्यावर कुणी बोटीची वाट बघत उभं राहावं तसं. ती रायफल उचलते, काडतूस नळीत सारायचा बोल्ट मागं ओढते, पुढं सारते. काडतूस नळीत न जाता बाहेर घरंगळतं आणि पाण्यावर पडतं. बुडत नाही, पिवळं चमकत वाहत जातं. मग दुसरं, मग तिसरं. अस्वल काही करत नाही, नुसतं बघत राहतं.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"भीती नाही वाटत गं. लाज वाटते," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी थांबलंय आणि माझं काही होतच नाहीये, अशी."

स्वप्न कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमच्या बेटावरच्या चेर्नी खाडीच्या वरच्या अंगाला नदीवर मत्स्य खात्याचं मासे मोजायचं कुंपण आहे. उन्हाळाभर तिथं मोजणारे राहतात, आणि त्यांच्या राखणीला वार्या. सप्टेंबरात एकदा त्यांना घेऊन उंच गवतातून येताना वाटेतच अस्वल उभं. वार्यानं सासऱ्यांची जुनी रायफल उचलली आणि बोल्ट मारला, तर रायफल हातात जराशी कलली होती म्हणून काडतूस आत न बसता चिखलात पडलं. बोल्ट रिकाम्या नळीवर बंद झाला. अस्वलानं एकदा फुसकारा टाकला आणि वाट सोडून गवतात शिरलं. मागच्यांना काही कळलंही नाही. वार्यानं काडतूस पुसून खिशात टाकलं आणि त्यांना चला म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिनं ती रायफल भिंतीवर टांगली ती परत काढली नाही. आता मोठ्या काडतुसाची नवी रायफल बनवून घ्यायची, असं तिनं ठरवलं.

आमच्याकडे बंदुका बनवणारा एकच, आस्मुंड. नॉर्वेकडच्या लोकांचा मुलगा. तरुणपणी हॅलिबट मासे पकडायच्या बोटीवर आला होता. बोट आणि धक्का यांच्यामध्ये सापडून त्याचं कंबरेचं हाड चेंगरलं, आणि तो इथंच राहिला. मासे डबाबंद करायच्या जुन्या कारखान्यात जाळी ठेवायचा माळा होता, तिथं त्याचं कामाचं दुकान आणि बिछानाही; कठड्याला धरून जिन्यापुरतं जमायचं. चढ त्याला सोसायचा नाही, म्हणून गावात वर कधी यायचा नाही. ज्याला काम असेल त्यानं खाली समुद्रापाशी जायचं.

पहिल्या दिवशी वार्याबरोबर मीही गेले होते, माझं खिमा करायचं यंत्र दुरुस्तीला घेऊन. त्याच्या दुकानात शिरलं की आधी आवाज यायचा. छताच्या तुळईला तारा बांधून त्यानं रिसीव्हर टांगून ठेवले होते. रायफलीची नळी जिच्यात पिळून बसते आणि बोल्ट जिच्यातून पुढंमागं सरकतो, ती मधली पोलादी चौकट म्हणजे रिसीव्हर. सगळा दणका ती सोसते. नळी बदलता येते, लाकडी दस्ता बदलता येतो, पण रिसीव्हर बदलला तर रायफलच दुसरी झाली. जुन्या, मोडलेल्या, बेवारशी रायफलींचे असे कितीतरी रिसीव्हर त्याच्याकडे लोंबकळत असायचे. दार उघडलं की खाडीवरचा वारा आत यायचा आणि ते सगळे हळू हळू किणकिणायचे. मला तर देवळात आल्यासारखं वाटायचं.

वार्यानं काय हवंय ते सांगितलं. तीनशे पंचाहत्तर मापाचं काडतूस, माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब आणि जाड. आस्मुंडनं ऐकून घेतलं आणि विचारलं, काडतूस पडलं तेव्हा रायफल कशी धरली होती? तिनं धरून दाखवली. आणि मग, का कोण जाणे, तिनं त्याला स्वप्नही सांगून टाकलं. मी यंत्राचा दांडा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आस्मुंड हसला नाही. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"स्वप्नात रायफल कलती असते का सरळ?"

वार्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. "सरळ."

"सरळ असूनही पडतं. म्हणजे बोल्टचा पंजा काडतुसाला पकडतच नाहीये, नुसतं पुढं ढकलतोय. तुमच्या स्वप्नातला रिसीव्हर चुकीच्या जातीचा आहे," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे, डॉक्टरनं सांगावं तसा. "तुम्हाला मोठ्या पंजाच्या बोल्टचा रिसीव्हर पाहिजे. काडतूस पेटीतून वर आलं रे आलं की पंजानं त्याची कड धरली पाहिजे, ते नळीत जाईपर्यंत सोडायचं नाही. मग रायफल उलटी धरा नाहीतर पाण्यात उभ्या राहा."

बाहेर आल्यावर वार्या अर्धा चढ चढून थांबली. मग म्हणाली, "बघितलंस? याला कळलं."

असा तो हिवाळा सुरू झाला. आठवड्याला एखाददा वार्या खाली जायची आणि आस्मुंड तारेवरून एक रिसीव्हर उतरवायचा. तिनं पहिल्यांदा निवडला तो दिसायला सगळ्यांत देखणा होता. सडपातळ, वरच्या कड्यावर कुठल्याशा राजाचा मुकुट कोरलेला. पंजाही मोठा होता. आस्मुंडनं तिचं ते लांबलचक काडतूस त्यात ठेवून दाखवलं. बसत नव्हतं. बसवता येईल, तो म्हणाला, पुढची आतली भिंत खरवडली की झालं. पण बोल्टच्या टोकाच्या दोन दाढा ज्या खाचेत अडकतात ती खाच नेमकी त्याच भिंतीला टेकलेली असते. आखूड घरात लांब माणूस झोपवायचा म्हणून भिंत पोखरायची, आणि मग रोज त्याच भिंतीला पाठ लावून धक्के खायचे. नको.

दुसरा नवाकोरा होता, पांढऱ्या न गंजणाऱ्या पोलादाचा. लांब, मजबूत, त्यात खोट नव्हती. पण त्याचा पंजा नखाएवढा. काडतूस पुढं ढकलणाऱ्या जातीचा. वार्यानं स्वतःच तो परत तारेला लावला.

तिसरा आस्मुंडनं लाकडी मोगरीनं हळूच वाजवला. इतका लांब, इतका स्वच्छ सूर निघाला की वार्याला तोच हवासा वाटला. मग त्यानं समजावलं, फार जुना आहे, भट्टीत जास्त तापवलेला आहे, आतपर्यंत काचेसारखा कडक झालाय. पोलादाला थोडं दबता आलं पाहिजे. हे दबणार नाही. कडाक्याच्या थंडीत एक दिवस कपासारखं फुटेल.

चौथा पहिल्या महायुद्धातल्या लष्करी रायफलीचा. जाडजूड, बोजड, मागच्या बाजूला नेम धरायच्या पट्टीचं रक्षण करणारे दोन उभे कान. लांबी पुरेपूर. यावर आस्मुंडनं तिला तपासायला शिकवलं. रिसीव्हर रॉकेलमध्ये भिजत ठेवायचा, मग फडक्यानं कोरडा पुसायचा, त्यावर खडूची पूड चोळायची आणि वाट बघायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळू हळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. ते दोघं चहा पीत वाट बघत बसले. पुढच्या कड्यावर, जिथं नळी पिळून बसवतात तिथं, केसासारखी रेघ उमटली. कुणीतरी कधीकाळी नळी फार जोर लावून आवळली होती.

वार्या तिथून आमच्याकडे यायची तेव्हा तिच्या बाह्यांना खडू लागलेला असायचा. माझा नवरा सावा, तिचा धाकटा भाऊ, तिची खेचायचा. "वार्या, तो रायफल बनवतोय की धरण बांधतोय? मला सांग, म्हणजे धरण फुटायच्या आधी बोट वर ओढून ठेवतो." ती म्हणायची, तो नीट बघून काम करतो. सावा म्हणायचा, हो, बघतो नीट, ते सगळ्या गावाला दिसतंय. यावर ती भात शिजला का बघायला उठायची.

दर खेपेला आस्मुंड स्वप्नाची चौकशी करायचा, आजाऱ्याची करावी तशी. स्वप्नही बदलत चाललं होतं. नदी हळू हळू त्याच्या माळ्यात शिरली. एकदा तर अस्वल त्याच्या कामाच्या मेजाशी बसलं होतं, म्हणे, चष्मा लावून. हे ऐकून आस्मुंड हसला. त्याला हसताना मी तरी पाहिलं नव्हतं. वार्यानं मला ते हसू दोनदा वर्णन करून सांगितलं.

जानेवारीत आमचा नाताळ येतो. जुन्या पंचांगाप्रमाणे. तेव्हा आम्ही कागदी झिरमिळ्यांचा मोठा तारा घेऊन घरोघर गात जातो, दारात तो तारा गरगर फिरवतो. त्या वर्षी कुणीतरी सुचवलं, आस्मुंडकडंही जाऊ या, बिचारा वर येऊ शकत नाही. संध्याकाळी सगळे खाली उतरलो. बर्फ पडायचं थांबलं होतं, खाडीवर धुकं होतं, आणि कंदिलाच्या उजेडात ते धुकंही आमच्याबरोबर चालल्यासारखं वाटत होतं.

माळ्यावर आम्ही दाटीवाटीनं उभे राहिलो आणि गायला सुरुवात केली. पुरुषांचे खालचे सूर लागले तशी वर काहीतरी हालचाल झाली. आधी मला वाटलं वारा. पण दार बंद होतं. तारेवरचं पोलाद गात होतं. सगळं नाही. एकच, अगदी टोकाला, अंधाऱ्या कोपऱ्यात टांगलेलं. आमच्या खर्जाला ते भरल्या गळ्यानं साथ देत होतं, आम्ही थांबलो तरी थांबलं नाही. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. तारा पुढच्या घराकडे निघाला, लोक जिना उतरले. मी ताऱ्याच्या झिरमिळ्या गोळा करत मागं राहिले होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

वार्या त्या कोपऱ्यात जाऊन वर बघत उभी होती. एवढ्या महिन्यांत ती बरंच शिकली होती. तिनं नुसत्या नजरेनं मापलं.

"हा लांब आहे," ती म्हणाली. "मोठ्या काडतुसासाठीच घडवलेला आहे. खरवडायलाही नको. हा मला कधी दाखवला नाहीत."

"तो माझा आहे," आस्मुंड म्हणाला. मग सावकाश सांगू लागला. तरुणपणी घेतला होता, बोटीवरच्या पहिल्या मोसमात. त्याच्यावर रायफल बनवून मुख्य भूमीवरच्या डोंगरांत जायचं होतं. मग कंबर मोडली.

इथंच तो थांबला असता तर काही झालं नसतं. स्वतःसाठी राखून ठेवलेली वस्तू दाखवली नाही, यात वार्याला वावगं वाटलं नसतं. पण आस्मुंडला अर्धं बोलता येत नाही.

"आणि तो दिला असता तर तुमचं काम झालं असतं," तो म्हणाला. "मग तुम्ही आला नसता."

वार्यानं टोपी कानांवर ओढली. तिचा आवाज चढला नाही.

"माणूस दाराशी आलं तर त्याला सरळ बस म्हणावं, आस्मुंड. त्याला हिवाळाभर खडू चारू नये."

ती जिना उतरून गेली. मी झिरमिळ्या छातीशी धरून तिच्या मागं गेले. पुढच्या घरी तिनं गाणी म्हटली नाहीत.

त्यानंतर ती खाली गेली नाही. टपालाच्या विमानानं शहरातून तयार रायफल मागवते, असं म्हणाली, पण मागवली नाही. त्याच दिवसांत स्वप्नही पडायचं बंद झालं, असंच, काही न सांगता. बरं झालं की, मी म्हणाले. ती म्हणाली, बरं कुठलं, झोपेत आता काहीच नसतं, रिकाम्या खोलीत जाऊन यावं तसं. दुपारी ती खिडकीशी बसून जाळं विणायची आणि जाळ्याकडे न बघता समुद्राकडे बघायची. खाली आस्मुंडच्या धुराड्यातून धूर निघायचा. त्या दोघांना आपापल्या जागी बसवून कुणीतरी विसरून गेलं होतं, असं मला वाटायचं. सावानं खेचणं बंद केलं. उलट एकदा मलाच म्हणाला, खाली जाऊन त्याला चार शब्द सांगू का? मी म्हटलं, राहू दे.

मार्च संपत आला होता. चढावरचा बर्फ विरघळून वाट नुसती राड झाली होती. मी वार्याच्या घरी मासा आणि भात भरलेली जाड रोटी भाजत होते. खिडकीशी बसून तीच म्हणाली, "ते बघ." आस्मुंड चढ चढून येत होता. कुंपणाला धरत, थांबत, पाय ओढत. हातात पिठाची पिशवी. वाटेतली माणसं बाजूला होऊन उभी होती, त्याला हात द्यायला कुणाचं धाडस होत नव्हतं. तिनं दार उघडलं आणि तो आत येईपर्यंत उघडंच धरून ठेवलं, घर गार पडलं तरी.

आत आल्यावर त्याला धड बोलता येईना. पिशवीतून त्यानं तो रिसीव्हर काढून मेजावर ठेवला.

"हा घ्या," तो म्हणाला. "मी बनवून देतो. बनवून झाल्यावर आलात तर या, नाही आलात तर नका येऊ."

वार्यानं त्याला आधी बसायला खुर्ची दिली. मग रिसीव्हर हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन फिरवून बघितला. सुंदर होता. मला त्यातलं कळत नाही, पण नदीनं गोल केलेल्या दगडाला जसा हात लावावासा वाटतो तसा होता.

"तपासलाय?" तिनं विचारलं.

आस्मुंडनं रिकाम्या पिशवीची घडी घातली.

तिनं तामचिनीच्या परातीत रॉकेल ओतलं आणि रिसीव्हर त्यात बुडवला. भिजेपर्यंत आम्ही रोटी खाल्ली. त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. मग तिनं तो बाहेर काढून कोरडा पुसला, खडू चोळून खिडकीत ठेवला. तिघंही बघत बसलो. बाहेर ऊन आणि धुकं दोन्ही होतं, खोलीत दुधाळ उजेड पसरला होता आणि त्यात ते पांढरं पोलाद कुठल्याशा प्राण्याच्या हाडासारखं दिसत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. आस्मुंडचा श्वास मला ऐकू येत होता. मग आतल्या खाचेपाशी, बोल्टच्या दाढा जिथं टेकतात नेमक्या तिथं, एक रेघ उमटली. आधी वाटलं खिडकीच्या चौकटीची सावली. ती हळू हळू गडद होत गेली आणि कोपऱ्याला वळली.

आस्मुंडनं चष्मा काढला.

"हा मी कधीच तपासला नाही," तो म्हणाला. "बाकीचे सगळे तपासले. दुसऱ्यांचे, मेलेल्यांचे, कुठले कुठले. हा नाही."

"का?"

"चांगला निघाला असता तर जाता येत नाही याचं वाईट वाटलं असतं. खराब निघाला असता तर त्याचंही वाईटच. म्हणून टांगून ठेवला. गातो छान. गाण्याला एवढा तडा चालतो."

तो हे रडत म्हणाला नाही, नवल वाटावं तसं म्हणाला. वार्यानं त्याच्या खुर्चीजवळ दुसरी खुर्ची ओढली आणि बसली. ओल्या फडक्यानं आधी आपली बोटं पुसली, मग त्याची. खडू रेघांत शिरून बसला होता, निघायला वेळ लागला. मी चुलीपाशी उगाच भांडी हलवत राहिले.

"शहरात मिसेस गुंडरसनकडे कानवाले रिसीव्हर आहेत, पिंपभर," ती शेवटी म्हणाली. "तिचा नवरा बंदुका विकायचा, तो गेल्यापासून तसेच पडलेत. तुला विमानात चढता येईल का?"

त्याला ती पहिल्यांदाच तू म्हणाली. तो म्हणाला, चढावर आलोय तर विमानातही चढेन. जाताना त्यानं तो तडकलेला रिसीव्हर पिशवीत घातला. त्याचं पुढं काय केलं, मी विचारलं नाही.

शहरातल्या त्या दिवसाची हकिगत वार्यानं मला नंतर सांगितली. मिसेस गुंडरसनच्या तळघरात घट्ट, काळ्या तेलानं भरलेलं पिंप होतं आणि त्यात रिसीव्हर बुडून पडले होते. कोपरापर्यंत हात घालून एकेक बाहेर काढावा लागत होता. तळघराला एकच खिडकी, तिच्यातून बोटींच्या डोलकाठ्या हलताना दिसायच्या. आस्मुंड पायरीवर बसला आणि दिवसभर एक शब्द बोलला नाही. निवड तिनं केली. काही खडूनं बाद झाले, पुढच्या कड्यावर तीच ती केसासारखी रेघ. एकाला लाकडाखाली लपलेल्या भागात गंजानं खड्डे पाडले होते. एकात बोल्ट इतका सैल की आगपेटीसारखा वाजायचा. एक तर तिला फार आवडला होता, पण तिनं बोल्टच्या दाढांना निळी शाई लावून तो बंद करून उघडला, तर शाई एकाच दाढेची पुसली गेली. म्हणजे सगळा भार एकट्या दाढेवर.

शेवटी उरला तो सगळ्यांत कुरूप. एक कान ठेचलेला, बाजूवर कुणाच्या तरी छिन्नीचे घाव. पण खडू पांढराच राहिला. शाई दोन्ही दाढांची सारखी पुसली गेली. बोल्ट सावकाश, एका चालीनं, कुठंही न अडखळता सरकत होता, आणि तिनं खिशातून आणलेलं ते लांब काडतूस आत ठेवलं तर पंजानं त्याची कड अशी धरली की रिसीव्हर उलटा करून हलवला तरी पडेना. तिनं तो पायरीवर आणून आस्मुंडच्या मांडीवर ठेवला. त्यानं मोगरीनं वाजवून बघितला. आवाज काही खास नव्हता, लोखंडी बादलीसारखा. त्यानं मान हलवली आणि दोघं विमानाला निघाले. येताना धुकं इतकं होतं की खाली पाणी आहे का आभाळ ते कळत नव्हतं, आणि आस्मुंड खिडकीला नाक लावून लहान मुलासारखा बघत होता, असं ती म्हणाली.

त्यानं कान कापून घासले, मागची बाजू गोल केली, जाड नळी बसवली, आक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवला. वार्या आता रोजच खाली जायची आणि जाताना कसलंही कारण सांगायची नाही. सावाला फारच अवघड गेलं, पण त्यानं जीभ आवरली.

रायफल तयार झाल्यावर वाळूवर एका जुन्या ट्रकच्या टायरला ती बांधली, खटक्याला लांब दोरी लावली आणि आम्ही सगळे उलट्या बोटीमागं बसलो. दोरी आस्मुंडनं ओढली. आवाज खाडीपलीकडच्या डोंगरावर गेला, तिथं थोडा रेंगाळला आणि मग परत आला. किनाऱ्यावरचे पक्षी उठले आणि खूप वेळ खाली बसले नाहीत. मग पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. खडू पांढराच राहिला. आस्मुंडनं दोनदा चष्मा पुसून बघितलं. नंतर वार्यानं ती खांद्याला लावून झाडली आणि दोन पावलं मागं गेली. तिचा खांदा निळाजांभळा झाला होता. संध्याकाळी मी शेकून दिला. सावा दारातून म्हणाला, आता रायफल नकोच नेऊ, नुसता खांदा दाखव, अस्वल आल्या वाटेनं परत जाईल. एवढे महिने गप्प बसल्याचं त्यानं तिथं वसूल करून घेतलं.

जूनमध्ये मोजणारे आले आणि वार्या वर कुंपणाकडे राहायला गेली. आस्मुंडही गेला. सावानं त्याला बोटीतून नदीच्या मुखापर्यंत नेलं, पुढं भरतीबरोबर थेट कुंपणापर्यंत. तिथल्या झोपडीला नवं धुराडं पाहिजे होतं, म्हणून. धुराडं अर्ध्या दिवसात बसलं. तो परत आला नाही.

जुलैत मी त्यांना तळलेला पाव आणि चहा घेऊन गेले. हवा उबदार होती, सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. सॅल्मन इतके होते की नदी पाण्याची वाटत नव्हती, कुणीतरी काळं कापड हळू हळू ओढत नेतंय असं वाटत होतं. वरच्या वळणावर एक अस्वलीण पिलांना घेऊन मासे धरत होती. आपल्या कामात होती, आमच्याकडे बघतही नव्हती. वार्या कुंपणाच्या फळीवर उभी होती, रायफल खांद्याला. आस्मुंड काठावर माशांच्या रिकाम्या पेटीला टेकून बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढून, दुखरा पाय उन्हात पसरून. मला वाटलं तो माशांकडे बघतोय. जवळ गेले तर झोपलेला.

"उठवू का?" मी विचारलं. "पाव गरम आहे."

"नको," वार्या हळूच म्हणाली. "राहू दे त्याला."

मग आम्ही दोघी फळीवर बसलो आणि गरम होता तोवर पाव खाल्ला. त्याच्यासाठी दोन ठेवले, फडक्यात गुंडाळून.